मोदेना येथील संत जेमिनिआनोचें चर्च : तीन साक्षी व त्यांची चिकित्सा

एखाद्या जुन्या इमारतीच्या काळाविषयीं दोन शिलालेख व एक हस्तलिखित अशीं तीन साधनें एकच तारीख सांगूं लागलीं, म्हणजे संशोधकाचें काम संपलें असें समजण्याची चाल आहे. वस्तुतः त्याचें काम तेथेंच सुरू होतें. तीन लेख एकच गोष्ट सांगतात एवढ्यावरून साक्षीदार तीन ठरत नाहींत. दोघांनीं तिसऱ्याचें ऐकून सांगितलें असेल तर साक्षीदार एकच. शिवाय, साक्षीदार जी गोष्ट सांगत नाहीं तीहि त्याच्या तोंडीं घालण्याचा मोह अनावर असतो. पायाभरणीची तारीख सांगणारा लेख सर्व शिल्पांची तारीख सांगतो असें धरून मोठमोठ्या ग्रंथकारांनीं वाद घातले आहेत. उत्तर इटलींतील मोदेना येथील कॅथीड्रल, म्हणजे बिशपाचें मुख्य चर्च, हें या दोन्ही गोष्टींचें उत्तम उदाहरण आहे. इमारत परक्या देशांतील व परक्या धर्माची खरी. परंतु तिचीं साधनें आमच्या वाचकांच्या नित्य परिचयाच्याच जातीचीं आहेत. एका समकालीन वृत्तान्ताची मागाहूनची नक्कल, तारखेचे दोन शिलालेख, मजुरीचा एक करार, व कोरीव नांवें असलेली एक कमान, एवढी ही सामग्री होय. तिची छाननी कशी करावी हाच प्रस्तुत लेखाचा विषय.

१. इमारत

मोदेना हें पो नदीच्या मैदानांतील शहर. रोमन लोकांनीं इ. स. पूर्वीं १८३ मध्यें मुतिना नांवाची वसाहत स्थापिली, तिचेंच हें पुढील रूप. चौथ्या शतकांत येथें जेमिनिआनो नांवाचा बिशप होऊन गेला. तो संतपदास पोंचला व शहराचा संरक्षक मानला जाऊं लागला. त्याच्या समाधीवरील जुनें चर्च मोडकळीस आल्यामुळें इ. स. १०९९ मध्यें हल्लींच्या इमारतीस आरंभ झाला.

या शैलीस रोमनेस्क म्हणतात. हें नांव त्या काळचें नव्हे, इ. स. १८१८-१९ च्या सुमारास फ्रान्स व इंग्लंड येथील पुराणवस्तुशोधकांनीं तें प्रचारांत आणिलें. रोमन वळणाची अर्धवर्तुळ कमान, जाड भिंती व बेताच्या खिडक्या हीं तिचीं ढोबळ लक्षणें होत. मोदेनाच्या चर्चास आडवा बाहु नाहीं. मधलें उंच दालन, दोन बाजूंस दोन पडव्या, व तिहींच्या पूर्व टोकांस तीन अर्धवर्तुळाकार गर्भभाग, अशी साधी मांडणी आहे. पूर्वेकडील वेदीचा भाग उंच चौथऱ्यावर असून त्याखालीं स्तंभांवर तोललेलें तळघर आहे. संताची समाधि तेथेंच. आंतील भिंती विटांच्या आहेत, आणि दालन व पडव्या यांमध्यें विटांचा जोडखांब व संगमरवरी स्तंभ एकाआड एक येतात. बाहेरून मात्र सर्व इमारतीस दगडाचें आच्छादन आहे. त्यावर एक सज्जा फिरविलेला असून त्याच्या दर्शनीं तीन लहान कमानींचा एकेक गट एकेका मोठ्या कमानीच्या पोटांत बसविला आहे. ही कमानींची ओळ पश्चिमेच्या दर्शनी भिंतीवरून निघून दोन्ही बाजूंनीं पूर्वेच्या गर्भभागापर्यंत जाते. इमारतीमागें एकाच माणसाची कल्पना होती हें सांगण्यास या ओळीइतका बोलका पुरावा कोणत्याहि लेखांत नाहीं.

परंतु आज जें दिसतें तें सगळें त्या कल्पनेंतलें नव्हे. मूळचें छत लाकडी होतें. हल्लींचीं विटांचीं कमानदार छतें पंधराव्या शतकांत घातलीं गेलीं. दर्शनी भिंतींतील मोठी गुलाबाकृति खिडकी, तिच्या दोन बाजूंचे लहान दरवाजे व दक्षिणेकडील पोर्ता रेजिआ नांवाचा भव्य दरवाजा हें काम कांपिओने गांवच्या पाथरवटांचें असून तें बाराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढें झालें. शेजारचा गिर्लांदिना नांवाचा मनोरा सुमारें ८६ मीटर उंच असून इ. स. १३१९ मध्यें पुरा झाला. म्हणून आरंभींच्या इमारतीविषयीं बोलणाऱ्यानें खिडकी, बाजूचे दरवाजे, छतें व मनोऱ्याचा माथा हीं प्रथम मनांतून दूर सारलीं पाहिजेत. चर्च, मनोरा व लगतचा चौक यांस युनेस्कोनें इ. स. १९९७ मध्यें जागतिक वारशाच्या यादींत घेतलें, आणि मे २०१२ च्या भूकंपांत इमारतीस कांहीं इजा पोंचून तिची पुन्हां डागडुजी झाली.

२. हस्तलिखित

पहिली साक्ष चर्चच्या पुरोहितमंडळाच्या दप्तरखान्यांतील एका लहानशा लॅटिन वृत्तान्ताची. संत जेमिनिआनोच्या चर्चचें नूतनीकरण व त्याच्या देहाचें स्थलांतर हा त्याचा विषय. विद्वज्जगतांत तो प्रसिद्ध झाला तो मुरातोरीमुळें. लुदोविको अंतोनिओ मुरातोरी हा मोदेनाच्या ड्यूकचा ग्रंथपाल. इटलीच्या इतिहासाच्या मूळ साधनांची जी प्रचंड माला त्यानें इ. स. १७२३ पासून काढिली, तिच्या सहाव्या खंडांत इ. स. १७२५ मध्यें त्यानें हा वृत्तान्त छापिला. पुढें इ. स. १९०७ मध्यें जुलिओ बेर्तोनी यानें त्याची नवी आवृत्ति सिद्ध केली. साधनें आधीं छापावीं व मग इतिहास लिहावा हें व्रत घेतलेल्या मंडळींस मुरातोरीचें नांव वंद्य वाटलें पाहिजे.

वृत्तान्ताचा सारांश असा : जुनें चर्च पडण्याच्या बेतास आलें, तेव्हां पुरोहितवर्ग व नगरजन यांनीं मिळून नवें बांधण्याचें ठरविलें. योग्य कारागीर कोठें मिळेल याचा शोध चालूं असतां लानफ्रांको नांवाचा अद्भुत शिल्पी लाभला. जून महिन्याच्या कॅलेंड्सपूर्वीं दहाव्या दिवशीं पाया खणण्यास सुरवात झाली. त्याच महिन्याच्या ईद्सपूर्वीं पांचव्या दिवशीं पाया बसविण्यास प्रारंभ झाला. रोमन गणनेंत दोन्ही टोकांचे दिवस धरतात. तेव्हां हे दिवस २३ मे व ९ जून १०९९ येतात. मध्यंतरीं दगड अपुरा पडूं लागला, तोंच ईश्वरकृपेनें जमीन खणतां खणतां दगडांचे व संगमरवराचे मोठे सांठे सांपडले. सन ११०६ मध्यें संताचा देह नव्या जागीं नेण्याची वेळ आली. थडगें उघडावें कीं नाहीं यावर वाद माजला. कनोसाची काउंटेस मातिल्दा हिच्या सल्ल्यानें पोप येईपर्यंत थांबण्याचें ठरलें. ३० एप्रिल रोजीं देह हालविण्यांत आला, व त्याच्या रक्षणार्थ सरदारवर्गांतील सहा व नागरिकांतील बारा माणसें शपथेवर नेमलीं. पुढें ऑक्टोबरांत पोप दुसरा पास्कल आला. रेज्जोचा बिशप बोन्सिन्योरे व शिल्पी लानफ्रांको यांनीं थडग्यावरील शिळा दूर केली, आणि पोपनें वेदीची प्रतिष्ठा केली.

या वृत्तान्ताची पारख करतांना दोन प्रश्न वेगळे ठेविले पाहिजेत : मजकुराचा काळ कोणता, व प्रतीचा काळ कोणता. मजकूर ११०६ नंतर लवकरच रचला गेला असावा असें त्यांतील तपशिलावरून दिसतें. सहा सरदार व बारा नागरिक हा आंकडा पुढच्या पिढीच्या कल्पनेनें रचण्यासारखा नाहीं. त्यांत कोणाचाहि गौरव साधत नाहीं. उलट थडगें उघडण्यावरून झालेला तंटा ही चर्चच्या दृष्टीनें लपविण्याजोगी गोष्ट, ती लेखकानें लपविली नाहीं. पोपच्या आगमनासहि बाहेरून पुष्टि मिळते. त्याच ऑक्टोबरांत ग्वास्ताल्ला येथें त्यानें भरविलेली धर्मसभा प्रसिद्ध आहे. म्हणून मजकूर समकालीन व विश्वसनीय मानण्यास हरकत नाहीं. परंतु हातीं असलेली प्रत तेराव्या शतकाच्या आरंभींची, म्हणजे प्रसंगानंतर शंभर वर्षांनीं केलेली नक्कल आहे.

हा भेद चित्रांच्या बाबतींत फार महत्त्वाचा ठरतो. या प्रतींत चार रंगीत चित्रें आहेत. त्यांत लानफ्रांको हातांत काठी घेऊन खणणाऱ्या मजुरांस व भिंत रचणाऱ्या गवंड्यांस आज्ञा देत आहे, आणि थडगें उघडण्याच्या प्रसंगीं मातिल्दा उभी आहे. मध्ययुगीन बांधकाम कसें चालत असे हें दाखविण्यासाठीं हीं चित्रें अनेक ग्रंथांतून छापलेलीं आहेत, व वाचक त्यांकडे १०९९ सालचें प्रत्यक्षदर्शन म्हणून पाहतात. तसें पाहणें चूक आहे. चित्रकारानें लानफ्रांकोस पाहिलें नव्हतें. चित्रांतील पोषाख, हत्यारें व काम करण्याची रीत हीं चित्रकाराच्या काळाचीं साधनें होत. त्यांवरून सिद्ध होतें तें एवढेंच कीं, शंभर वर्षांनंतरहि मोदेनाच्या पुरोहितांस आपल्या शिल्पीचें नांव व महत्त्व आठवत होतें. हेंहि थोडें नव्हे; पण तें निराळें आहे.

दगडांच्या सांठ्याची गोष्ट तर अधिकच बोधप्रद आहे. ईश्वरकृपेनें दगड सांपडले हें वाक्य वाचून एक पक्ष तें भाबडेपणाचें म्हणून सोडून देतो, दुसरा पक्ष तें चमत्कार म्हणून शिरोधार्य मानतो. बखरींतील दृष्टान्तांविषयीं आमच्याकडेहि हेच दोन पक्ष आहेत. परंतु चर्चची भिंतच येथें निवाडा करते. प्राचीन मुतिना शहर पुरांच्या गाळाखालीं कित्येक मीटर गाडलें गेलें होतें. त्याच्या थडग्यांचे व इमारतींचे दगड उपसून त्यांनींच चर्चचें आच्छादन केलें आहे, हें दगडांच्या जातींवरून व त्यांच्या घडणीवरून उघड होतें. मुख्य दरवाज्यापुढील खांब तोलणारे दोन सिंह देखील मूळ रोमन आहेत. तेव्हां घटना खरी, तिचा अर्थ मात्र लेखकाच्या श्रद्धेचा. दोहोंची फारकत केली म्हणजे वृत्तान्ताची किंमत कमी न होतां उलट वाढते.

३. दोन शिलालेख

दुसरी साक्ष दर्शनी भिंतीवरील शिलालेखाची. मुख्य दरवाज्याच्या डाव्या अंगास एक शिळा असून ती दोन पुरुषांनीं दोन्ही बाजूंनीं धरिली आहे. हे बायबलांतील हनोख व एलीया होत. दोघांसहि मृत्यु आला नाहीं, ते सदेह वर गेले, अशी कथा आहे. स्मृति अमर राहावी म्हणून लेख त्यांच्या हातीं दिला, ही योजना मोठी मार्मिक आहे. लेख पद्यमय आहे. ख्रिस्तावताराच्या एक हजार वर्षांवर शंभरांत एक कमी इतकीं वर्षें झालीं असतां, जूनच्या ईद्सपूर्वीं पांचव्या दिवशीं, मिथुनाच्या मार्गावर कर्क चढत असतां, या मंदिराचा पाया घातला गेला, असा त्याचा आशय आहे. शेवटीं विलिजेल्मो नांवाच्या शिल्पकाराची प्रशंसा असून, आतां या शिल्पामुळें शिल्पकारांत त्याची थोरवी प्रकट झाली असें म्हटलें आहे.

राशींचा उल्लेख हा नुसता काव्यालंकार आहे काय, हें पाहण्याजोगें आहे. त्या शतकांत जुनी जूलियन गणना हल्लींच्या ग्रेगरियन गणनेच्या सहा दिवस मागें होती. त्यामुळें ९ जून म्हणजे आजच्या हिशेबानें १५ जून येतो. सायन मानानें त्या दिवशीं सूर्य मिथुनाच्या अखेरच्या भागांत, कर्कसंक्रमणास आठवडाभराचाच अवकाश उरलेला, असा होता. कवीचें वर्णन याशीं जुळतें. वार काढिला असतां गुरुवार येतो. पांच आठवड्यांनीं, १५ जुलै रोजीं शुक्रवारीं, क्रूसयोद्ध्यांनीं जेरुसलेम घेतलें. तारखेंत अंतर्गत विरोध कोठेंहि नाहीं.

तथापि दोन सूचना केल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, हा लेख पायाभरणीच्या दिवशींचा नाहीं. दर्शनी भिंत तेवढी वर आल्याशिवाय तो तेथें बसणें शक्य नव्हतें. म्हणजे तो कांहीं वर्षें तरी नंतरचा, व घडून गेलेल्या गोष्टीचा स्मारकलेख आहे. दुसरी अशी कीं, विलिजेल्मोच्या प्रशंसेच्या शेवटच्या दोन ओळी वरच्या ओळींपेक्षां दाटीनें कोरलेल्या आहेत. त्यावरून त्या मागाहून भरल्या असाव्यात असें अनेक अभ्यासकांचें मत आहे, व तें आम्हांस ग्राह्य वाटतें. तसें असल्यास लेखाच्या एकाच शिळेवर दोन काळ आहेत : एक पायाचा, दुसरा शिल्प पुरें होऊन लोकांच्या नजरेस पडल्याचा. आतां थोरवी प्रकट झाली, यांतील आतां हा शब्द १०९९ चा नव्हे.

तिसरी साक्ष पूर्वेच्या मधल्या गर्भभागाच्या बाहेरील भिंतीवरच्या लेखाची. त्यांतहि पद्यच आहे. कोरीव संगमरवरानें झळकणाऱ्या या मंदिराचा मुख्य व सूत्रधार लानफ्रांको, आरंभ १०९९ च्या ९ जून रोजीं, व हीं पद्यें आयमो यानें रचिलीं, असें तो सांगतो. आयमो हा बाराव्या शतकाच्या आरंभीं मोदेनाच्या पुरोहितमंडळांतील अध्यापक होता असें मानतात. परंतु लेखाच्या अखेरीस आणखी एक नांव आहे : बोक्कालिनो, चर्चच्या द्रव्याचा व कामाचा कारभारी, यानें हें काम करविलें. हा कारभारी तेराव्या शतकाच्या पहिल्या चरणांतला. म्हणजे पद्यें जुनीं मानलीं तरी अक्षरें शंभर वर्षांनंतरचीं आहेत. जो लेख पुष्कळ दिवस लानफ्रांकोच्या कर्तृत्वाचा समकालीन दाखला म्हणून पुढें केला जात असे, तो वस्तुतः दगडावरील नक्कल आहे, आणि तिचा काळ हस्तलिखिताच्या नकलेच्या काळाशीं जवळजवळ मिळतो. चर्चच्या आरंभाची आठवण नव्यानें जागविण्याचा उद्योग त्या पिढीनें हातीं घेतला होता असें यावरून आम्हांस वाटतें. कागदावर वृत्तान्त पुन्हां लिहविला, दगडावर पद्यें कोरविलीं. कांपिओनेचे नवे पाथरवट त्या वेळीं चर्चचें रूप पालटीत होते. जुनें पालटतांना जुन्याची नोंद करण्याची बुद्धि होणें स्वाभाविक आहे.

त्या पाथरवटांविषयींचा एक अस्सल कागदहि उपलब्ध आहे. सन १२४४ चा तो करार असून, आन्सेल्मो दा कांपिओने याच्याशीं पूर्वीं ठरलेल्या शर्तींप्रमाणें त्याच्या वंशजांनीं चर्चचें काम पुढें चालवावें व त्यांस रोजची मजुरी मिळावी, असें त्यांत नमूद आहे. त्यांत गौरव नाहीं, पद्य नाहीं. पण घराण्यांतून चालणारी कारागिरी व तिचा मोबदला यांविषयीं तो जें सांगतो तें दोन्ही शिलालेख मिळूनहि सांगत नाहींत.

४. साक्षीदार किती

आतां मोजदाद करूं. ९ जून १०९९ ही तारीख तीन ठिकाणीं येते. परंतु वृत्तान्ताचा कर्ता म्हणून पुष्कळ अभ्यासक आयमोसच पुढें करितात. तें खरें असेल तर वृत्तान्त व पूर्वेचा शिलालेख मिळून एकच साक्षीदार होतो. तें खोटें धरलें तरी पूर्वेचा लेख कोरविणाऱ्यापुढें वृत्तान्त व दर्शनी लेख दोन्ही होते. त्याची साक्ष स्वतंत्र म्हणतां येत नाहीं. उरतात दर्शनी शिळा व वृत्तान्त. या दोहोंची सांगण्याची रीत निराळी आहे. शिळा राशी सांगते, वृत्तान्त सांगत नाहीं. वृत्तान्त खोदाईचा आधींचा दिवस देतो, शिळा देत नाहीं. शिळेवर शिल्पकार आहे व शिल्पी नाहीं. वृत्तान्तांत शिल्पी आहे व शिल्पकार नाहीं. एकानें दुसऱ्यावरून उतरलें असतें तर इतका फरक पडता ना. म्हणून साक्षीदार तीन नसून दोन. पण ते दोन खरे स्वतंत्र आहेत, आणि तारीख त्यांच्या जोरावर निर्विवाद ठरते.

विलिजेल्मोविषयीं वृत्तान्ताचें मौन कांहींस खटकतें. आमच्या मतें त्यांत आश्चर्य नाहीं. वृत्तान्तकाराचा विषय संताचा देह हा आहे. लानफ्रांकोचें नांव तेथें येतें तें समाधीची जागा त्यानें सिद्ध केली व थडगें उघडण्यास त्याचा हात लागला म्हणून. मौन हें अभावाचें प्रमाण व्हावयाचें असेल, तर तें सांगणें लेखकाचें कर्तव्य होतें असें आधीं दाखविलें पाहिजे.

उलट विलिजेल्मोच्या नांवावर किती शिल्पें घालावीं याला मर्यादा आहे. दर्शनी भिंतीवरील उत्पत्तिकथेचे चार मोठे शिल्पपट्ट त्याचे मानण्यांत येतात : आदाम व हव्वा यांची निर्मिति व पाप, त्यांची हकालपट्टी व कष्ट, काईन व हाबेल, आणि शेवटीं काईनाचा वध व नोहाचें तारूं. उलट्या मशाली धरलेल्या बालकांच्या मूर्ति रोमन शवपेटिकांवरून उचललेल्या आहेत हेंहि स्पष्ट आहे. पायाखालीं सांपडलेला रोमन दगड नुसता चिरा म्हणून वापरला गेला नाहीं, तो गुरु म्हणूनहि उपयोगी पडला. परंतु येथेंहि जागेचा पुरावा जपून घ्यावा लागतो. कांपिओनेच्या पाथरवटांनीं दोन बाजूंचे दरवाजे फोडले तेव्हां टोकांचे दोन पट्ट वर उचलून बसविले. आज ते चार पट्ट ज्या उंचीवर दिसतात ती मूळ रचना नव्हे. इतर शिल्पांसाठीं आधुनिक पंडितांनीं आर्थरचा उस्ताद, संत जेमिनिआनोचा उस्ताद अशीं नांवें योजिलीं आहेत. तीं हातांतला भेद सांगण्याच्या सोयीसाठीं ठीक. पण त्या नांवांचीं माणसें होऊन गेलीं असें समजून त्यांचीं चरित्रें लिहूं लागणें हा उद्योग इतिहासाचा नव्हे.

५. आर्थरची कमान

या सर्व छाननीचें खरें महत्त्व उत्तरेकडील दरवाज्यापाशीं कळतें. त्यास पोर्ता देल्ला पेस्केरिआ, म्हणजे मासळीबाजाराचा दरवाजा, म्हणतात. द्वारशाखांवर बारा महिन्यांचीं कामें कोरलीं आहेत, ललाटपट्टीवर मेल्याचें सोंग केलेल्या कोल्ह्याची अंत्ययात्रा आहे, आणि वरच्या कमानीवर युद्धाचें दृश्य आहे. मधोमध किल्ला, आंत विन्लोगे नांवाची स्त्री व मार्दोक नांवाचा पुरुष. डावीकडून आर्तुस दे ब्रितानिया, इस्देर्नुस व एक अनाम स्वार चालून येतात, त्यांस बुर्माल्तुस अडवितो. उजवीकडून गाल्वागिनुस, गाल्वारिउन व के येतात, त्यांस कार्रादो अडवितो. नांवें दगडांतच कोरलेलीं आहेत. ब्रिटनच्या आर्थर राजाची व हरण केलेल्या राणीच्या सुटकेची ही कथा होय, याविषयीं आतां फारसा मतभेद नाहीं.

वाद आहे तो काळाचा. आर्थरकथेस यूरोपभर प्रतिष्ठा देणारा जेफ्री ऑफ मॉनमथ याचा लॅटिन ग्रंथ सुमारें ११३६-३८ मधला. मोदेनाची कमान त्याच्या आधींची ठरली, तर ही कथा ग्रंथांत येण्यापूर्वीं तोंडोतोंडीं इटलीपर्यंत पोंचली होती असें होतें. नंतरची ठरली तर तें सिद्ध होत नाहीं, अशी समजूत आहे. अमेरिकन पंडित आर्थर किंग्स्ली पोर्टर यानें लोंबार्द वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथांत कमानीचा काळ चर्चच्या आरंभाच्या निकट धरिला. रॉजर शर्मन लूमिस यानें इ. स. १९२७ पासून तोच पक्ष नेटानें मांडला. गॉर्डन हॉल जेरोल्ड यानें इ. स. १९३५ मध्यें त्याविरुद्ध लिहून काळ पुढें ओढला. पुढें इ. स. १९६३ मध्यें रीता लेज्युन व जाक स्तिएनों यांनीं अक्षरांच्या वळणावरून पुन्हां आधींचा काळ मांडला. अलीकडे कमान बाराव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशांत धरण्याकडे कल आहे.

या वादांत १०९९ चा शिलालेख पुनःपुन्हां ओढला गेला, तो आमच्या मतें अप्रस्तुत आहे. तो पायाची तारीख सांगतो. ११०६ चा वृत्तान्तहि समाधीचा भाग तयार झाला होता एवढेंच सांगतो. उत्तरेच्या दरवाज्याविषयीं दोघेहि मुके आहेत. शिल्प भिंतींत बसण्यापूर्वीं कोरून ठेवतां येतें, व भिंत उठल्यावरहि बसवितां येतें. स्वारांचीं टोकदार शिरस्त्राणें व लांब निमुळत्या ढाली यांवरूनहि दहा-वीस वर्षांचा निर्णय होत नाहीं, कारण असलीं शस्त्रें दोनतीन पिढ्या प्रचारांत होतीं.

मग निर्णय कशानें व्हावा? आमच्या मतें कमानीवरील नांवांनीं. आणि तो काळाचा नव्हे, परंपरेच्या स्वातंत्र्याचा निर्णय असेल. जेफ्रीच्या ग्रंथांत राणीचें नांव ग्वानहुमारा आहे, राजाच्या भाच्याचें ग्वाल्ग्वानुस. कमानीवर गाल्वागिनुस आहे. तो ग्वाल्ग्वानुसचा अपभ्रंश म्हणून एक वेळ चालेल. परंतु ग्वानहुमाराचें विन्लोगे कोणत्याहि पाथरवटाच्या हातून होणार नाहीं. तें नांव ब्रेतन वळणाचें आहे असें लूमिसनें दाखविलें आहे. शिवाय जेफ्रीच्या ग्रंथांत राणीस किल्ल्यांत कोंडून दोन बाजूंनीं वेढा पडल्याची कथाच नाहीं. तेथें मोद्रेद हा राजाच्या गैरहजेरींत राज्य व राणी दोन्ही बळकावतो. राणीच्या हरणाची कथा आढळते ती वेल्श लेखक काराडोक याच्या गिल्डासचरित्रांत, व तेथें हरण करणाऱ्याचें नांव मेल्वास आहे. म्हणजे मोदेनाची कमान जेफ्रीवरून उतरलेली नाहीं, मग ती त्याच्या आधींची असो वा दहा वर्षें नंतरची असो. अर्धें शतकभर तारखेसाठीं जी झुंज झाली ती तारीख न ठरतांहि मुख्य प्रश्न सुटतो. ग्रंथाबाहेरची एक जिवंत कथा, बहुधा ब्रेतन कथेकऱ्यांच्या मुखानें, इटलींत आली होती, व ती लोकांच्या इतकी ओळखीची होती कीं, चर्चच्या दरवाज्यावर नुसतीं नांवें कोरल्यानें काम भागे.

६. निष्कर्ष

यावरून जें निश्चित म्हणतां येतें तें असें. चर्चचा पाया ९ जून १०९९ रोजीं घातला गेला, हें दोन स्वतंत्र साधनांनीं सिद्ध आहे. लानफ्रांको हा त्याचा शिल्पी, हें एका समकालीन मजकुरानें सिद्ध आहे. पूर्वेचा शिलालेख व रंगीत चित्रें हीं त्याच्या कीर्तीचीं साधनें आहेत, कृतीचीं नव्हेत. विलिजेल्मोचें नांव दर्शनी शिल्पांपुरतें प्रमाण आहे, त्यापलीकडे तें अनुमान. आर्थरच्या कमानीस १०९९ ची तारीख लागूं नाहीं, व तिचें महत्त्व त्या तारखेवर अवलंबूनहि नाहीं.

संग्राहकांस यांतून घेण्याजोगी गोष्ट एकच आहे. या प्रकरणांतील प्रत्येक निर्णय मजकुराइतकाच जागेवर व प्रतीवर अवलंबून राहिला आहे. शेवटच्या दोन ओळी दाट आहेत हें छापील पाठावरून कळत नाहीं. कारभाऱ्याचें नांव पद्याबाहेरचें म्हणून गाळून लेख छापला, तर शंभर वर्षांचा फरक डोळ्यांआड होतो. मोदेनाच्या छतावरील प्रसिद्ध शिल्पशिळा झिजूं नयेत म्हणून उतरवून संग्रहालयांत ठेविल्या आहेत व त्यांच्या जागीं नकला बसविल्या आहेत. कोणती शिळा कोठें होती याची नोंद असल्यामुळेंच त्यांचा अर्थ अद्याप शाबूत आहे. आमच्याकडे वाड्यांच्या भिंतींतून निघालेल्या शिळा व दप्तरांतून सुटून आलेले कागद रोज हातीं पडतात. ते कोठून निघाले, शेजारीं काय होतें, अक्षर एका हातचें कीं दोन, मायना व शिक्का कसा, हें त्याच दिवशीं लिहून ठेविलें नाहीं, तर उद्यां कोणी ते तीन साक्षीदार म्हणून मोजील, आणि ते एकाच्याच तीन नकला होत्या हें सांगावयास कोणी उरणार नाहीं.